नखाला अडतं का?

सोयाबीन काढणीच्या दिवसांत दुसरबीडला रस्त्याकडेला गाडी लावली की तिच्या कोपऱ्यांची काळजी सोबत घेऊनच फिरावं लागतं. पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या, मळणीयंत्र ओढत नेणारे ट्रॅक्टर, मधूनच वाट काढणाऱ्या मोटारसायकली आणि रस्ता मात्र तेवढाच. आमच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या बंपरचा डावा कोपरा असाच एका ट्रॉलीच्या फाळक्याला घासला. ट्रॉलीवाले दादा भला माणूस, त्यांनीच थांबून हाक मारली, "भाऊ, लागलं बरं का थोडं."

त्या कोपऱ्यावर सगळे प्रकार एकत्र आले होते. ट्रॉलीचा तांबडा रंग फासला गेला होता, त्याच्या आजूबाजूला बारीक रेघांचं जाळं होतं, मध्ये एका लांब ओरखड्यातून आतलं काळं प्लास्टिक दिसत होतं आणि खाली तळहाताएवढा चेपा. शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये दाखवलं, तर त्यांनी बंपरच बदला म्हणून सांगितलं. विम्यातून करून घ्या, असंही बऱ्याच जणांनी सुचवलं. मी घरी येऊन पॉलिसी नीट वाचली. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, झीरो डेप घेतलं असेल तरच तो वाचतो. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दाव्यातले पहिले १००० रुपये आपल्याच खिशातून जातात. शिवाय नो क्लेम बोनस जातो, जो पहिल्या बिनदाव्याच्या वर्षाला २० टक्के मिळतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. एका कोपऱ्यासाठी एवढं घालवणं मला पटेना.

म्हणून गावातल्या पेंटर काकांकडे गेलो. त्यांचा हात ट्रॉल्यांवर आणि ट्रकच्या बॉड्यांवर बसलेला. इथला जिजामाता सहकारी साखर कारखाना चालू होता तेव्हा उसाच्या गाड्या रंगवायचं कामही त्यांच्याकडे असे. कारखाना बंद पडला. पुढे ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जुन्या नागपूर–मुंबई रस्त्यानं जाणारे लांब पल्ल्याचे बरेच ट्रक तिकडे वळले. काका म्हणतात, ट्रकचं काम घटलं ते कारच्या बंपरांनी भरून काढलं. त्यासाठी पत्र्यावरचं शिकलेलं बाजूला ठेवून त्यांना प्लास्टिक नव्यानं शिकावं लागलं. या वयात त्यांनी ते केलं याचं मला फार कौतुक वाटतं.

काकांनी गाडीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा बादली आणायला सांगितली. "आधी धुऊन घे. धूळ असताना फडकं मारलं तर तूच नवीन रेघा ओढशील." शाम्पूच्या पाण्यानं कोपरा धुतला, चिखल गेला, तेव्हाच नुकसान निम्म्यावर आल्यासारखं वाटलं. मग ते अंगठ्याचं नख ओरखड्यांवरून आडवं फिरवत गेले. "नखाला अडतं का, ते बघ. अडलं नाही तर पॉलिशनं जातं. अडलं तर रंगाचं काम."

बंपरवर प्लास्टिकच्या वर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून जाडी एक-दशांश मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यात क्लिअरचा वाटा साधारण ४० मायक्रॉनचा. ओरखडा फक्त क्लिअरमध्ये असेल तर त्यावर पाणी टाकताच तो दिसेनासा होतो, कारण खाच पाण्यानं भरली की प्रकाश विखुरत नाही. पाणी वाळलं की रेघ परत येते. माझ्या कोपऱ्यावरच्या बहुतेक रेघा अशा पाण्यात लपणाऱ्याच निघाल्या. गाडीवर रेघ दिसली की घाबरून रंगवायला नेणाऱ्या प्रत्येकानं आधी तांब्याभर पाणी ओतून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

पहिलं काम चेप्याचं, कारण रंगानंतर उष्णता देता येत नाही. बंपर आतून पाहिला तर त्यावर पीपी आणि ईपीडीएम अशी अक्षरं कोरलेली होती, म्हणजे पॉलिप्रोपिलीनमध्ये रबर मिसळलेलं. हे प्लास्टिक १६० अंशांच्या आसपास वितळतं. उकळत्या पाण्यानं ते वितळत नाही, नुसतं मऊ पडतं. आम्ही चाकाच्या बाजूचे स्क्रू काढून हात आत जाईल एवढी जागा केली. काकांनी उकळतं पाणी चेप्यावर हळूहळू ओतलं, जाड हातमोजा घालून आतून दाबलं आणि चेपा एकदम बाहेर आला. लगेच गार पाणी टाकून तो आकार पक्का केला. पत्र्याचा चेपा हातोडीनं ठोकून काढावा लागतो; प्लास्टिकला ऊब मिळाली की ते आपल्या जुन्या आकाराकडे स्वतःच वळतं. थंडीच्या पहाटे मात्र गार बंपर दाबायचा नाही, रंग तडकतो.

ट्रॉलीचा तांबडा रंग काढायला मी थिनरची बाटली उचलली, तर काकांनी हात धरला. कंपनीचा रंग थिनर थोडा वेळ सोसेल, पण बंपर पूर्वी कुठे बाहेर रंगवलेला असेल तर थिनर तो रंगच उचलतो. ओल्या फडक्यावर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड घेऊन घासल्यावर तांबडा रंग पूर्ण निघाला. मग बारीक रेघांवर २०००चा पाणीपेपर, सतत पाणी मारत, अगदी हलक्या हातानं, आणि वर परत कंपाउंड. हे काम सकाळी लिंबाच्या सावलीत केलं. तापलेल्या बंपरवर कंपाउंड लगेच सुकतं आणि डाग धरतं. बंपरच्या कडांवर काकांनी आधीच टेप लावली होती, कारण कडेवर रंग पातळ बसतो आणि पेपर तिथंच पहिल्यांदा आरपार जातो.

राहिला तो खोल ओरखडा. इथं खरं ज्ञान लागतं. पत्र्यावरची लांबी वाळून कडक होते; बंपर लवतो, लांबी लवत नाही आणि भेग पडते. म्हणून प्लास्टिकची वेगळी लवचिक पुट्टी भरली, ४०० आणि मग ८०० पेपरनं सपाट केली. पॉलिप्रोपिलीनवर रंग मुळात धरत नाही. मध्ये प्लास्टिक प्रायमरचा पातळ हात दिला नाही, तर काही महिन्यांत, विशेषतः धुण्याच्या प्रेशरखाली, रंगाचे पापुद्रे सुटतात. रस्त्यावर असे सोललेले बंपर खूप दिसतात. बाटली लहानशी असते आणि तिचे पैसे वाचवायला जाऊन सगळं काम वाया जातं.

रंग जालन्याहून कोडप्रमाणे मिसळून आणला. पांढरा म्हणजे एकच पांढरा नव्हे, आणि गाडी उन्हात राहून आणखी बदललेली. काकांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फवारा मारून तो उजेडात बंपरशेजारी धरून पाहिला आणि पिवळ्याचा थेंब वाढवला. आभाळ भरलेलं असलं की ते क्लिअर मारतच नाहीत, दमट हवेत तो दुधाळ पडतो म्हणतात.

फवारणी सुरू करताना त्यांनी तोंडाला नुसता गमछा गुंडाळला. मी तिथं अडलो. हार्डनर मिसळलेल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात जात राहिला तर दमा जडू शकतो आणि गमछ्यातून तो सहज आत जातो. रंग आणायला गेलो तेव्हा फिल्टरचा मास्क घेतला होता, तो त्यांना दिला. "यात गुदमरतं रे," म्हणाले, पण लावला. गावोगावच्या पेंटरांना हार्डनरच्या डब्याबरोबर कोणी हा मास्क देत नाही, याची मला चीड येते.

काम उत्तम झालं. तिरप्या उन्हात नेमकी जागा माहीत असलेल्याला जुन्या-नव्या क्लिअरचा सांधा दिसतो, इतरांना नाही. महिनाभर वॅक्स लावायचं नाही, आतलं द्रव्य उडून जायला वाव हवा, एवढीच सूचना मिळाली. सगळा खर्च नव्या रंगवलेल्या बंपरच्या पुढे किरकोळ होता.

शेजारचे गुरुजी आपली चंदेरी गाडी घेऊन पुढच्याच आठवड्यात काकांकडे गेले. तसाच ओरखडा, तसाच कोपरा. काकांनी नख फिरवलं आणि सांगितलं, "गुरुजी, याला तुकडा लागत नाही. चंदेरीत धातूचे कण असतात, फवाऱ्यात ते जसे पडतील तशी छटा दिसते. पूर्ण बंपर मारावा लागेल, नाहीतर राहू द्या तसाच." गुरुजींनी राहू दिला.