लिंक आली आणि सगळं बंद पडलं

गेले दोन वीकेंड काही लिहिलं नाही. पहिल्या वीकेंडला झोपलो होतो आणि दुसऱ्या वीकेंडला एका रॅकसमोर वायर हातात धरून उभा होतो. मधल्या दिवसांत जे झालं ते आज सांगतो. ज्यांना नेटवर्किंगमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, शक्यतो माणसांच्या भाषेत सांगेन. (ज्यांना कळतं त्यांनी हसू नये. तुमच्यावरही वेळ येईल.)

तर मांडणी अशी. आमच्या एका क्लायंटचे सर्व्हर नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये. ते थेट फायरवॉलला जोडलेले. फायरवॉलची जोडी आहे, एक काम करते आणि दुसरी तिच्या मरणाची वाट बघत बसते. पुण्यात क्लायंटचं ऑफिस, साधारण दोनशे माणसं, आणि एक राउटर. काम मेडिक्लेमचं. हॉस्पिटलांतून कॅशलेसच्या फायली येतात, ही मंडळी त्या तपासून मंजुरी देतात. मंजुरी आली की पेशंट घरी.

पुणे ते नवी मुंबई दोन रस्ते. एक एमपीएलएसचा, म्हणजे आपला एक्स्प्रेसवे. दुसरा साध्या इंटरनेटवरून काढलेला आयपीसेक टनेल, म्हणजे जुना हायवे. एक्स्प्रेसवेची खबर बीजीपी नावाचा प्रोटोकॉल आणतो, जुन्या हायवेची ओएसपीएफ. दोघांनीही एकाच गावाचा रस्ता सांगितला तर कुणाचं ऐकायचं? त्यासाठी राउटरकडे एक आकडा असतो. बाहेरून आलेल्या बीजीपीचा २०, ओएसपीएफचा ११०. कमी आकडा म्हणजे जास्त विश्वास. त्यामुळे एरवी सगळी वाहतूक एक्स्प्रेसवेनं, आणि तो बंद पडला की आपोआप जुन्या हायवेनं. याला म्हणतात फेलओव्हर. कागदावर फार सुंदर दिसतो.

(थोडं विषयांतर. ओएसपीएफच्या पोटात डाइक्स्ट्राचा अल्गोरिदम आहे. तो त्या गृहस्थानं १९५६ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका कॅफेत बसून, हातात कागद-पेन्सिल नसताना, वीसेक मिनिटांत रचला. बीजीपीचा पहिला आराखडा १९८९ साली दोन इंजिनियरांनी जेवणाच्या टेबलावर नॅपकिनांवर काढला. थोडक्यात, आपलं सगळं इंटरनेट हॉटेलात बसलेल्या लोकांनी बनवलंय. आणि आम्ही कॅन्टीनमध्ये दहा मिनिटं जास्त बसलो तर मेल येते.)

हा फेलओव्हर मी स्वतः बसवला आणि एका रविवारी पहाटे तपासलाही. मस्त चालला. दोन-तीन पिंग गेले आणि गाडी जुन्या हायवेला लागली. क्लायंटची सही, मॅनेजरसाहेबांची शाबासकी. ही टेस्ट मी कशी केली होती ते लक्षात ठेवा, पुढे लागेल. मी घरी बसून पुण्याच्या राउटरवर बीजीपीचा शेजारी कमांड देऊन बंद केला होता.

मग तो सोमवार उजाडला.

सकाळी १०:५२ ला पुण्यात कुठल्याशा खोदकामात एमपीएलएसची फायबर तुटली. (पुण्यात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.) आणि गाडी जुन्या हायवेला लागलीच नाही. पहिली तीन मिनिटं सगळं ठप्प. कारण आता ऐकायला सोपं वाटतं. फायबर तुटली ती बाहेर रस्त्यावर. आमच्या रॅकमध्ये प्रोव्हायडरचा एक डबा आहे, आमच्या राउटरची वायर त्या डब्यात जाते आणि डबा धडधाकट होता. त्यामुळे राउटरला दिवा हिरवाच दिसत होता. समोरचा मेलाय हे त्याला कळणार कसं? बीजीपी दर ६० सेकंदांनी 'आहेस का?' विचारतो आणि १८० सेकंद काहीच उत्तर आलं नाही तर समोरचा गेला असं धरतो. तोवर राउटर मन लावून एकेक पॅकेट खड्ड्यात टाकत असतो. माझ्या टेस्टमध्ये मी सेशन बंद केलं तेव्हा राउटरनं समोरच्याला रीतसर 'येतो' म्हणून निरोप घेतला होता. खऱ्या आयुष्यात फायबर निरोप घेऊन तुटत नाही.

असो. १०:५५ ला टनेल लागला, काम सुरू झालं. तीन मिनिटांचा हिशेब नंतर देऊ म्हणून मी चहा घेतला. खरा तमाशा पुढेच होता.

११:४० ला प्रोव्हायडरनं फायबर जोडली. बीजीपी वर आला. आणि त्याच मिनिटाला दोनशे माणसांच्या स्क्रीन गोठल्या.

लिंक तुटल्यावर बंद पडणं समजू शकतो. लिंक आल्यावर बंद पडणं म्हणजे काय? बीजीपी बघितला, वर. टनेल बघितला, वर. ओएसपीएफचे शेजारी एकमेकांना ओळखतायत. इकडच्या टोकावरून तिकडच्या टोकाला एमपीएलएसवर पिंग जातोय. फायरवॉलच्या ट्रॅफिक लॉगमध्ये एक शब्द नाही. मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड तर लॉनसारखा हिरवागार.

फोन वाजायला लागले. क्लेम्स टीमच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, लिंक आली म्हणताय ना? मग माझ्या स्क्रीनवर का नाही आली? हॉस्पिटलवाले रडायला लागलेत. डिस्चार्जचे पेशंट बसलेत खाली." मी म्हटलं, "मॅडम, दहा मिनिटं द्या." आमच्या धंद्यात दहा मिनिटं म्हणजे किती हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी काही न बोलता फोन ठेवला.

मॅनेजरसाहेबांनी सुचवलं, फायरवॉल अडकली असेल, दुसरीवर टाकून बघ. मला पटलं नव्हतं, पण घाबरलेल्या माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटायला हवं असतं. टाकली. आमच्या मॉडेलमध्ये दुसरी फायरवॉल पुढे आली की तिला सगळ्या शेजाऱ्यांशी नव्यानं ओळख करून घ्यावी लागते. त्यात आणखी काही मिनिटं गेली आणि मिळालं शून्य.

माझ्या शेजारी आमचा ज्युनियर बसला होता. लातूरकडचा पोरगा, कॉलेज संपवून चार महिने झालेले. तो हळूच म्हणाला, "दादा, बीजीपी वर आहे ना? मग पुण्याच्या राउटरला मुंबईचा रस्ता अजून ओएसपीएफनं का दिसतोय?"

मी म्हटलं, "अरे जुनं असेल ते, होईल अपडेट. तू फोन घे."

हे वाक्य मी नीट लिहून ठेवतोय, कारण ते मला पंधरा मिनिटांना पडलं. मला नव्हे, खाली बसलेल्या त्या पेशंटांना पडलं.

पंधरा मिनिटांनी फायरवॉलवर पॅकेटचा माग काढणारी डीबग कमांड लावली तेव्हा दिसलं. पुण्याची पॅकेट्स टनेलमधून येत होती आणि फायरवॉल ती दारातच मारत होती. कारण: रिव्हर्स पाथ चेक. म्हणजे फायरवॉल म्हणते, पुण्याचा पत्ता असलेला माणूस माझ्या माहितीप्रमाणे एक्स्प्रेसवेनं यायला हवा, हा जुन्या हायवेनं कसा आला? नक्की तोतया. हाकला. तिचं काही चुकत नव्हतं. तिच्या बाजूला बीजीपी परत आला होता, तिनं इमानदारीत एक्स्प्रेसवे धरला होता. पुण्याचा राउटर मात्र अजून जुन्या हायवेलाच चिकटून होता. लिंक तुटलेली असताना दोघांचं एकमत होतं म्हणून काम चाललं. लिंक आली आणि एकमत मोडलं.

पण पुणे का चिकटलं? मी पोराकडे वळलो. म्हटलं, "तू मघाशी काय दाखवत होतास?"

त्यानं बीजीपीचं टेबल उघडलेलंच होतं. एकाच नेटवर्कला दोन रस्ते दिसत होते. एक प्रोव्हायडरकडून आलेला, दुसरा टनेलचा. आणि टनेलच्या रस्त्यापुढे वेट ३२७६८. "हा आकडा काय आहे, दादा?"

आकडा बघितला आणि पोटात खड्डा पडला, कारण तो कुठून आला हे मला त्या क्षणी कळलं. तो मीच आणला होता.

झालं होतं असं. पुण्याच्या ऑफिसात दर महिन्याला नवा मजला, नवं सबनेट. प्रत्येक वेळी बीजीपीमध्ये एक ओळ वाढवायची. सहा आठवड्यांपूर्वी मी वैतागून त्या सगळ्या ओळी काढल्या आणि एकच लिहिली: ओएसपीएफला जे काही माहीत आहे ते बीजीपीला सांग. कुठलीही गाळणी नाही. कॉन्फिग कसं स्वच्छ दिसायला लागलं! स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला होता हो मी.

एरवी त्या ओळीनं काही बिघडत नव्हतं. मुंबईचा रस्ता बीजीपीनं आलेला, तोच मुख्य टेबलात, म्हणून ओएसपीएफचा मुंबईचा रस्ता टेबलात येतच नसे आणि पुढे सांगितलाही जात नसे. पण फायबर तुटली, ओएसपीएफचा रस्ता टेबलात आला, आणि माझ्या त्या ओळीनं तो उचलून बीजीपीच्या पदरात घातला. आता राउटरचा नियम असा की जी गोष्ट मी स्वतः बीजीपीत घातली तिला वेट ३२७६८, जी शेजाऱ्यानं सांगितली तिला शून्य. आणि वेट बाकी सगळ्याच्या आधी बघितलं जातं. त्यामुळे प्रोव्हायडर परत येऊन कितीही ओरडला की एक्स्प्रेसवे सुरू झालाय, तरी राउटर आपणच उठवलेल्या बातमीवर ठाम. ती फायबर वर्षभर नीट चालली असती तरी तो परत वळला नसता.

गाळणी लावली. आता फक्त पुण्याची सबनेट्स बीजीपीत जातील, मुंबईची नाहीत. एंटर मारलं आणि मुंबईचा रस्ता बीजीपीवर आला. १२:३१. फोनवर मॅडमच्या मागून कुणीतरी "आलं, आलं" ओरडल्याचं ऐकू आलं. एकूण ५१ मिनिटं.

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर सकाळी ११ ला म्हणाले, घरी जा. बाबांनी लगेच पँट-शर्ट चढवला, मनगटावर घड्याळ बांधलं आणि पलंगाच्या कडेला बसले. संध्याकाळी साडेसहापर्यंत तसेच बसून होते. आडवं व्हा म्हटलं तर म्हणायचे, इस्त्री मोडेल. काउंटरवरची मुलगी दर अर्ध्या तासानं एकच वाक्य सांगायची: "सर, समोरून सिस्टीम डाउन आहे." तेव्हा मी त्या 'समोरच्या' सिस्टीमवाल्याला मनात काय काय शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

संध्याकाळी आरसीए लिहायला बसलो. म्हणजे काय झालं, का झालं, याचा लेखी जबाब. मॅनेजरसाहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. म्हणाले, "फायबर तुटली हे खरं आहे ना?"

"हो."

"तुटली नसती तर हे झालं असतं का?"

"नाही."

"मग तेच लिही. त्यात खोटं काय आहे?"

खरंच काही खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत. सात-आठ मिनिटं मी कर्सरकडे बघत बसलो. अप्रेझल तीन आठवड्यांवर. मनात ४ ऑक्टोबर २०२१ पण येऊन गेला. फेसबुकवाल्यांच्या देखभालीच्या एका कमांडनं त्यांचं अख्खं बॅकबोन तुटलं, पाठोपाठ त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी बीजीपीतून आपले पत्ते मागे घेतले आणि सहा-सात तास जगभर ठणठणाट. एवढे मोठे लोक चुकतात तर आपण कोण? मग आठवलं की त्यांनी दुसऱ्याच दिवशी ते स्वतःच लिहून छापलंही होतं. हा दाखला आपल्या बाजूचा नाही म्हणून सोडून दिला.

शेवटी दोन भाग केले. पहिली तीन मिनिटं: फायबर, आणि आमचा १८० सेकंदांचा टायमर. नंतरची ५१ मिनिटं: मी अमुक तारखेला केलेला बदल, टेस्ट न करता. शोध कुणी लावला तिथे पोराचं नाव घातलं, आणि त्यानं पहिल्यांदा सांगितल्यावर मी ऐकलं नाही हेही. मॅनेजरसाहेबांनी वाचलं, "बघ बाबा, तुझी मर्जी" म्हणाले, आणि माझं एक स्पेलिंग दुरुस्त करून पाठवून दिलं. क्लायंटकडून एका ओळीचं उत्तर आलं: पुढची टेस्ट कधी?

ती गेल्या शनिवारी झाली. टायमर आधीच ३० सेकंदांवर आणला होता. दोन टोकांनी वेगवेगळा आकडा सांगितला तर बीजीपी लहान आकडा धरतो, म्हणून प्रोव्हायडरच्या पाया पडावं लागलं नाही. बीएफडी मिळालं असतं तर समोरचा गेल्याचं सेकंदाच्या आत कळलं असतं, पण ते दोन्ही बाजूंना लावावं लागतं आणि आमची विनंती त्यांच्या कुठल्यातरी रांगेत उभी आहे. या वेळी घरून कमांड नाही. पुण्याच्या ऑफिसात, रॅकची किल्ली सिक्युरिटीकडे सही करून घेतली, आणि राउटरची नाही तर प्रोव्हायडरच्या डब्याच्या पलीकडची, बाहेरून येणारी फायबर काढायची. अर्थात त्यांच्या माणसाला समोर उभा करून.

मी उपसली. दिवा हिरवाच. पोरगा फोनवर स्टॉपवॉच लावून मोजत होता. २८ व्या सेकंदाला पिंग परत सुरू झाला.

"दादा, हे तर गेल्या वेळीही चाललं होतं," तो म्हणाला. "आता परत लावा."

वायर हातात धरून मी जरा वेळ तसाच उभा राहिलो. मग लावली. बीजीपी वर यायला मिनिटभर गेलं असेल. एक पिंग चुकला. पुढचा आला, त्याच्या पुढचाही. पोरानं पुण्याच्या राउटरचं टेबल उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. मुंबईचा रस्ता, बीजीपी, २०.

"अजून पाच मिनिटं बघू," मी म्हटलं. पंधरा मिनिटं बघितलं.