उरण लोकलची डावी खिडकी

नेरुळहून उरणची लोकल धरणार असाल तर डावीकडची खिडकी मिळवा. सीवूड्स मागे पडलं की इमारती विरळ होतात आणि गाडी पनवेल खाडीच्या पुलावर येते. मी गेलो तेव्हा ओहोटी होती. उघड्या चिखलावर बगळे, काठाला तिवरं, हवेत तो खारट, कुबट वास. पूल संपला की डाव्या हाताला नजर कुठे अडत नाही. पूर्वी अडायची. इथे उलव्याचा डोंगर होता, नव्वदेक मीटर उंचीचा. सुरुंग लावून तो फोडला आणि त्याच्याच दगडांनी खाजण भरलं. उलवे नदीचं पात्र वळवलं. दहा गावं उठवली. अशा ११६० हेक्टरांवर नवी मुंबईचा विमानतळ उभा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि नाताळच्या दिवशी तिथून प्रवासी विमानं उडू लागली.

मुंबईला हे नवं नाही. सांताक्रूझच्या विमानतळासाठी मिठी नदीला काटकोनात वळवलं होतं. २६ जुलै २००५ रोजी तिथल्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मिठीचं पाणी धावपट्टीवर चढलं आणि विमानतळ बंद पडला. हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं, असा पाऊस पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. आणि आपण दुसरा विमानतळही भराव टाकून खाडीकाठीच बांधला.

बामणडोंगरीला उतरलो. स्टेशनाबाहेर एक मावशी म्हावरं घेऊन बसल्या होत्या. कोलंबी चांगली दिसत होती.

"मावशी, खाडीतली का?"

"खाडीत काय रायलंय आता? करंजाची हाय."

गाव विचारलं तर त्यांनी विमानतळाकडे हात केला. "त्या भिंतीच्या आत व्हता आमचा गाव." तेवढ्यात एक विमान डोक्यावरून गेलं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. कोलंबी मोजता मोजता विचारलं, "तुमी बसलाव का इमानात?"

बसलो होतो. त्या नव्हत्या बसल्या. त्यांच्यासारखेच जगात बहुसंख्य आहेत. २०१८ साली जेमतेम ११ टक्के माणसांनी विमानप्रवास केला आणि प्रवासी विमानांच्या धुरातला निम्मा वाटा फार तर एक टक्का लोकांचा होता, असं स्टेफान ग्योसलिंग आणि आंद्रेआस हुंपे यांनी २०२०च्या अभ्यासात दाखवलं आहे. मावशींचं घर गेलं ते या एक टक्क्याच्या सोयीसाठी, असं म्हटलं तर थोडं चढवून म्हटल्यासारखं होईल. पण थोडंच.

इथलं कमळाच्या घाटाचं टर्मिनल देखणं आहे, यात वाद नाही. हल्लीचे विमानतळ 'हरित' असतात. कोचीचा तर २०१५ पासून पूर्ण सौरऊर्जेवर चालतो. म्हणजे दिवे, सरकते जिने आणि वातानुकूलन. विमानं केरोसीनच जाळतात, आणि एक किलो इंधनामागे तीन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर थंड हवेत विमानामागे ज्या पांढऱ्या रेघा उमटतात त्याही उष्णता अडवून धरतात. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. किरकोळ वाटतो, पण विजेची मोटार आली, विजेची लोकल तर कधीपासूनच आहे, आणि शेकडो माणसं घेऊन समुद्र ओलांडणारं विजेचं विमान अजून कुणाला जमलेलं नाही. त्यातून गंमत अशी की आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा धूर कुठल्याच देशाच्या खात्यावर पडत नाही. १९९७च्या क्योटो करारात तो विषय आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे ढकलला गेला, तो तिथेच आहे.

म्हणून टर्मिनलच्या छतापेक्षा मला क्षमतेचा आकडा महत्त्वाचा वाटतो. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी, शेवटी नऊ कोटी. एवढं बांधून ठेवलं की ते भरण्यासाठी तिकिटं स्वस्त करायची, नवे मार्ग काढायचे, हे ओघानेच येतं.

परत गाडीत बसलो. खारकोपर, गव्हाण, मग जासईचा टापू. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील इथले. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी याच भागात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले ते त्या लढ्यामुळे. विमानतळाला दिबांचंच नाव हवं म्हणून २०२१ मध्ये हजारो भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली. मोबदल्यावर भांडण झालं, नावावर झालं. दोन्ही रास्त. धुरावर मात्र झालं नाही.

फ्रान्समध्ये झालं. नाँतजवळच्या नोत्र-दाम-दे-लांदचा विमानतळ शेतकऱ्यांनी आणि तरुणांनी वर्षानुवर्षं अडवून धरला आणि जानेवारी २०१८ मध्ये सरकारने तो रद्द केला. २०२३ मध्ये तिथे आगगाडीने अडीच तासांत गाठता येणाऱ्या काही मार्गांवर विमानं बंद केली गेली. आपल्याकडे कोकण रेल्वेचा वीरच्या पुढचा बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे, गणपतीत उभं राहायला जागा नसते, आणि सिंधुदुर्गातल्या चिपीला मात्र २०२१ मध्ये विमानतळ झाला.

उरणला गाडी रिकामी झाली. नेरुळपासून इथवर लोकल विजेवर आली. ती वीज बरीचशी कोळशाचीच, हे खरं. पण कोळशाच्या जागी सूर्य आणता येतो.

आता पुण्याजवळ पुरंदरच्या विमानतळाची तयारी चालू आहे आणि तिथल्या गावांचा विरोधही. तिथल्या मंडळींना एवढंच सांगणं आहे: जनसुनावणीत दर एकरी भाव विचाराच, पण तिथून उडणारी विमानं वर्षाला किती इंधन जाळणार, हा आकडाही लेखी मागा. तो मिळेपर्यंत सही करू नका.