पुढल्या चाकाच्या दोन स्प्रिंगा

मोटारसायकलीच्या हँडलापासून पुढल्या चाकाच्या आंसापर्यंत ज्या दोन चकचकीत नळ्या उतरतात, त्यांच्या पोटांत काय असतें याची चौकशी आपल्या घरांतून सहसा होत नाहीं. गाडी पेट्रोल किती पिते, किंमत काय पडली आणि मुलगा ती किती जोरानें हांकतो, एवढें विचारून आपण मोकळे होतों. या नळ्यांना फोर्क म्हणतात. प्रत्येकींत एक लांब स्प्रिंग आणि थोडें तेल, एवढाच काय तो ऐवज. परंतु डांबरी सडक सोडून गाडी मुरुमांत, नाल्यांत किंवा डोंगरवाटेला घालावयाची असेल, तर चालविणाराचा जीव पुष्कळसा या ऐवजाच्या हवालीं असतो.

हें बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे 2023 पर्यंतचें औरंगाबाद, येथील वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्याच्या स्प्रिंगा तपासण्याच्या खात्यांत माझीं सत्तावीस वर्षें गेलीं. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 सालीं सुरू झाला. त्याच वर्षीं याच शहरांत ज्या उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली गेली, तो एन्ड्युरन्स आज दुचाकींचे फोर्क आणि शॉकॲब्झॉर्बर करणाऱ्या देशांतील मोठ्या कारखान्यांत मोडतो. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरचें, हिमरू शालींचें गांव म्हणून जग आम्हांला ओळखतें. पण रोज सकाळीं वाळूजकडे जाणाऱ्या बसगाड्यांतील निम्मी मंडळी ज्या मालावर पोट भरते, त्याची ओळख खुद्द गांवकऱ्यांनाहि बेताचीच आहे.

आमचें घर एकत्र. आई चौऱ्यांशी वर्षांची. थोरले बंधु, वहिनी, आम्ही उभयतां आणि दोन्हीं घरचीं मिळून पांच मुलें. दादांची धाकटी मुलगी भूगर्भशास्त्र शिकली आणि विहिरींच्या पाण्याची पातळी मोजण्याच्या कामावर लागली. विहिरी कांहीं हमरस्त्यावर नसतात. कन्नड, सोयगांव, पैठण या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांना तिला जावें लागतें, आणि काळ्या मातीचा रस्ता आषाढांत रस्ता राहत नाहीं. म्हणून तिनें स्वतःच्या पगारांतून आडरानांत चालणारी, उंच चाकांची मोटारसायकल घेतली. गेल्या पावसाळ्यांत एका ओढ्याच्या दगडी उतारावर पुढलें चाक निसटलें आणि तिचें उजवें मनगट मोडलें. प्लास्टर निघालें त्याच दिवशीं घरांत गाडी विकण्याची गोष्ट निघाली.

वहिनींचें म्हणणें सरळ होतें. “भावोजी, तुम्हांला त्यांतलें कळतें. गिऱ्हाईक पाहा आणि काढून टाका.” मुलीनें बाजू मांडली कीं, बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्से हिनें 2019 सालीं बाहा विश्वचषकांत स्त्रियांचा गट जिंकला, तोहि असल्याच गाडीवर वाळवंटें तुडवून. वहिनी म्हणाल्या, “तिची आई त्या दिवसांत झोपली असेल का, तें विचारून ये.” याला उत्तर नव्हतें. दादा वर्तमानपत्रांतून मान वर काढीनात. मीं मात्र मुलीला एक प्रश्न केला: पडण्यापूर्वीं हातांना काय वाटत होतें? ती म्हणाली, “काका, तळव्यांना नेहमींच मुंग्या येतात. दगडावरून चाक उडतें आणि मग क्षणभर हँडल रिकामेंच वाटतें.” मीं आठ दिवसांची मुदत मागितली. आईनें ती मंजूर केली. तिचा प्रश्न आम्हां सर्वांपेक्षां नेमका होता. “तें यंत्र तिच्या मापाचें आहे का? दुसऱ्याचें पोलकें घालून कोणाला काम सुचेल?”

आईच्या प्रश्नाचें उत्तर मोजपट्टीनें मिळतें. स्प्रिंगेचा धर्म असा कीं, जितका भार दुप्पट तितकी ती दुप्पट दबते. इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें हा नियम 1676 मध्यें अक्षरांची सरमिसळ करून छापला आणि 1678 मध्यें उलगडून सांगितला; शोधाचा मान आपल्याकडे राहावा, पण युक्ति मात्र इतक्यांत कोणाला कळूं नये, हा हेतु. (कारखान्यांतून हा स्वभाव अजून आढळतो.) गाडी करणारा कारखानदार सरासरीचा गडी धरून स्प्रिंग बसवितो, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं, त्याला हजारोंना एकच माल द्यावयाचा असतो. आमची मुलगी हेल्मेट, बूट आणि सर्व पोशाख धरून सत्तावन्न किलो भरली. सरासरीचा गडी तिच्याहून बराच जड असतो.

रविवारीं अंगणांत गाडी काढली. इंजिनाखालीं ठोकळा देऊन पुढलें चाक अधांतरीं केलें आणि आंसापासून वरच्या पकडीवरील खुणेपर्यंतचें अंतर मोजलें. हें नळीचें पूर्ण लांबलेलें माप. मग गाडी दोन्हीं चाकांवर सरळ उभी करून तेंच अंतर पुन्हां मोजलें. स्वतःच्या भारानें गाडी 21 मिलिमीटर बसली होती. मग मुलगी सर्व पोशाखासह पायदांड्यांवर उभी राहिली, दादांनीं मागून गाडी तोलून धरली, आणि मीं तिसरें माप घेतलें: 39 मिलिमीटर. या बसण्याला कारागीर सॅग म्हणतात. नळ्यांतील रबरी सीलांचें घर्षण फसवितें, म्हणून प्रत्येक माप दोनदां घ्यावें लागतें, एकदां गाडी दाबून हळूच सोडून आणि एकदां किंचित उचलून हळूच सोडून. दोहोंचा मध्य तें खरें माप. उतावळ्या मनुष्यानें या कामाला हात घालूं नये.

या गाडीच्या पुढल्या चाकाची एकंदर चाल 200 मिलिमीटर आहे. आडरानांतल्या गाडीवर स्वार उभा राहिला असतां चालीचा सुमारें चौथा ते तिसरा हिस्सा आधींच खर्च झालेला असावा. हें प्रथम ऐकणाराला उधळपट्टी वाटते. पण चाकाला उंचवट्यावर चढावें लागतें तसें खळग्यांत उतरावेंहि लागतें, आणि उतरण्यासाठीं नळींत लांबण्याची सोय शिल्लक हवी. आमच्या मुलीच्या गाडींत ही सोय पांचव्या हिश्शालाहि पुरी नव्हती. दगडापलीकडे जमीन खालीं गेली कीं चाक तिच्या मागें जात नव्हतें. तिला हँडल रिकामें वाटे, तें यामुळें.

आतां नेहमींचा उपाय. स्प्रिंगेच्या डोक्यावर नळीचा एक तुकडा बसविलेला असतो, त्याला स्पेसर म्हणतात. तो आंखूड केला कीं गाडी अधिक बसते. बाजारांतले बहुतेक मिस्त्री एवढ्यावर थांबतात, आणि मुलीचा चुलत भाऊहि म्हणाला, “काका, तुकडा कापा आणि मोकळे व्हा.” त्याच्या समाधानासाठीं सतरा मिलिमीटर आंखूड असा दुसरा तुकडा घालून पाहिला. गाडी स्वतःच्या भारानें 38 आणि मुलीसह 56 मिलिमीटर बसली. छप्पन्न हा आंकडा अगदीं हवा तसा. पोरगा खूष झाला.

मीं त्याला वजाबाकी करावयास सांगितली. पहिल्या खेपेस 39 मधून 21 गेले, उरले 18. दुसऱ्या खेपेस 56 मधून 38 गेले, पुन्हां 18. म्हणजे मुलीच्या भारानें स्प्रिंग पूर्वीं जितकी दबत होती तितकीच आतांहि दबत होती. तुकड्यानें गाडीची उंची बदलली. स्प्रिंगेचा कडकपणा जसाच्या तसा. ओट्याची उंची कमी केल्यानें जातें हलकें होत नाहीं. उलट रिकामी गाडीच इतकी बसूं लागली, ही स्प्रिंग कडक असल्याची खूण. आणि याच्या उलट, जड मनुष्यानें स्पेसर वाढवून बसणें बरोबर केलें आणि रिकामी गाडी मुळींच बसेनाशी झाली, तर स्प्रिंग मऊ आहे असें समजावें. हें विपरीत वाटतें. मलाहि नोकरीच्या पहिल्या वर्षीं कागदावर चार वेळां मांडून पाहावें लागलें होतें.

तेव्हां नव्या स्प्रिंगा हव्या होत्या. चिकलठाण्याच्या बाजूला एक कारागीर मागणीप्रमाणें स्प्रिंगा वळून देतो, त्याच्याकडे गेलों. जुन्या स्प्रिंगेची तार साडेचार मिलिमीटर जाडीची होती. मीं सव्वाचारची सांगितली, वेढे आणि घेर तेच. पाव मिलिमीटरानें काय होणार, असें वाचकांना वाटेल. स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानें वाढतो, म्हणून एवढ्याशा फरकानें ती जवळजवळ पांचव्या हिश्शानें मऊ होते. माझ्या खात्यांत तारेचा शंभरावा भाग मोजण्यावरून भांडणें होत, तीं उगाच नव्हेत.

बसवितांना एक जपावें. नळीच्या तोंडचें झांकण स्प्रिंगेच्या दाबाखालीं असतें. तें सुटतांना वाकून पाहणाराचा डोळा जाईल. झांकण सोडण्यापूर्वीं वरच्या पकडीचे बोल्ट सैल करावे, नाहींतर आटे फिरतच नाहींत. जुनें तेल काढलें तें काळें शाईसारखें निघालें. नवें भरतांना स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी पूर्ण खालीं दाबून, कांठापासून तेलाच्या पातळीपर्यंतचें अंतर मोजतात. तेलावर कोंडलेली हवा ही दुसरी स्प्रिंगच होय. चाल संपत आली कीं ती झपाट्यानें कडक होते. स्प्रिंग मऊ केली असल्यानें मीं तेल कारखान्याच्या मापापेक्षां दहा मिलिमीटर वर घेतलें, म्हणजे मोठ्या दणक्याला नळी तळाशीं आपटूं नये. मागल्या शॉकचा दाब दोन खांचा कमी केला. तें प्रकरण निराळें आहे. पुन्हां मापें घेतलीं. रिकामी गाडी 34, मुलीसह 56, वजाबाकी 22.

मग पहांटे साताऱ्याच्या डोंगराकडे गेलों, म्हणजे आमच्या गांवाच्या दक्षिणेस खंडोबाचें देऊळ आहे त्या सातारा गांवाकडे. तेथील मुरुमाच्या चढउतारावर मुलीनें दहा फेऱ्या केल्या. नळीवर प्लॅस्टिकची बारीक पट्टी आंवळून ठेवली होती. नळी जितकी दबेल तितकी ती सरकते आणि तेथेंच राहते. जुन्या स्प्रिंगांवर याच वाटेनें 200 पैकीं 120 मिलिमीटर चाल वापरली जात होती. आतां पट्टी 170 च्या पुढें गेली. मुलगी उतरली तेव्हां प्रथम तिनें हातमोजे काढून दोन्हीं तळवे माझ्यापुढें धरले आणि म्हणाली, “मुंग्या नाहींत.”

घरीं वहिनींनीं आंकडे लिहिलेला कागद दोनदां वाचला. “म्हणजे आतां ती पडणार नाहीं ना, भावोजी?” असें आश्वासन देणें मला शक्य नव्हतें. मीं म्हणालों, “वहिनी, चाक पूर्वींपेक्षां जास्त वेळ जमिनीला धरून राहील, एवढेंच मीं मोजलें आहे. ओढ्याला पाणी असतां त्यांत गाडी घालणें न घालणें तिच्या हातीं.” त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं मुलीला आंत बोलावलें आणि अटी घातल्या: वाहत्या पाण्यांत गाडी घालावयाची नाहीं, आणि प्रत्येक गांवाहून निघतांना फोन करावयाचा. दादांनीं गिऱ्हाइकाला नाहीं म्हणून कळविलें.

तीं मापें आतां स्वयंपाकघरांत दुधाच्या हिशेबाशेजारीं लिहिलेलीं आहेत. तेल पुढील दिवाळीनंतर बदलावयाचें, तेंहि खालीं टिपलें आहे. जुन्या स्प्रिंगा तेलाच्या फडक्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. चुलत भाऊ अठ्ठ्याहत्तर किलोंचा आहे आणि गाडीवर त्याचा डोळा आहे. ताईनें ती त्याला दिलीच, तर त्याला त्या बेतशीर होतील.