खैरागडचा शिक्का

आमच्या सौंसरच्या घरी ओसरीच्या भिंतीवर दोन चौकटी शेजारी शेजारी टांगल्या आहेत. पहिलीत खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे ‘मध्यमा’ परीक्षेचे प्रमाणपत्र आहे. दुसरीत नागपूर विद्यापीठाची एम. ए. (मराठी) ची पदवी. दोन्हींवर नाव माझेच. परंतु या दोन्ही विद्यापीठांत विद्यार्थी म्हणून मी एक दिवसही बसलेलो नाही. गायनाची परीक्षा गावातल्या वर्गातून दिली आणि एम. ए. मास्तरकी सांभाळून, बहिःस्थ म्हणून. नागपूरला मामांकडे उतरावे, पेपर लिहावेत आणि परत यावे, एवढाच माझा विद्यापीठाशी संबंध. आमच्या भागातील पुष्कळांचा तो तेवढाच असतो. विद्यापीठ म्हणजे कागदावरचा शिक्का.

गायनाच्या त्या वर्गाविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९८० नंतरची ती वर्षे. एक वृद्ध गुरुजी संध्याकाळी आम्हा पाच-सात मुलांना खैरागडच्या परीक्षांसाठी तयार करीत. फळ्यावर ते भातखंडे पद्धतीची स्वरलिपी लिहीत : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राचा बिंदू खाली, तारसप्तकाचा वर. “उभी रेघ विसरलास, तर यमनाचा बिलावल करून ठेवशील,” असे ते मला एकदा म्हणाले. चाळीस वर्षे शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना ते वाक्य मला किती वेळा आठवले, याची गणती नाही.

मी मध्यमा उत्तीर्ण झालो त्या वर्षी आमच्या बागेतला संत्र्याचा आंबिया बहार जवळजवळ सगळा गळाला. वडिलांनी घरची पेटी भजनी मंडळास विकली. ते कठोर नव्हते. हिशेबी होते, आणि त्या वर्षी त्यांचा हिशेब बरोबरही होता. मी पुन्हा गायिलो नाही.

त्यामुळे २०१५ साली बारावी झालेल्या माझ्या मुलीने “मी खैरागडला गाणे शिकायला जाते” असे म्हटले, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी तिला पदवी, बी. एड., सरकारी नोकरी असा तोच हिशेब मांडून दाखवला. गाणे काय, घरी राहूनही शिकता येते, असेही म्हणालो. माझी आई जात्यापाशी डाळ निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “जाऊ दे नं बापा तिले. पेटी इकली तवा तू दोन दिस जेवला नव्हता.” मुलीला ही गोष्ट ठाऊक नव्हती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मी बाहेर निघून गेलो.

अखेर जुलैत आम्ही निघालो. तेव्हा छिंदवाडा-नागपूर छोटी रेल्वे चालू होती; त्याच वर्षाच्या शेवटी ती बंद झाली. सौंसरहून नागपूर छोट्या गाडीने, तेथून हावडा मार्गाच्या मोठ्या गाडीने राजनांदगाव. डोंगरगडला उतरूनही खैरागडची बस मिळते, पण राजनांदगावला माझा स्वार्थ होता. तेथील दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवीत असत आणि तळ्याकाठी, महाविद्यालयाच्याच आवारात राहत. घरची भाषा मराठी असलेला हा माणूस हिंदीचा एवढा मोठा कवी झाला. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एकाच घरातली दोन मुले, दोन भाषा. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांना हे नवे नाही. ती इमारत मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. मुलीचे लक्ष मात्र बसकडे होते.

खैरागड हे लहानसे गाव, एका लहानशा संस्थानाची राजधानी. राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांची संगीतप्रेमी कन्या इंदिरा अल्पवयात वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी आपला राजवाडा विद्यापीठासाठी दिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याच दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. नागपूर, सौंसर आणि खैरागड ही तिन्ही गावे त्या दिवशी एकाच राज्यात होती, हे आज कोणास सांगून पटत नाही. अठरा दिवसांनी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २००० साली खैरागड छत्तीसगडात गेले. शिक्का मात्र तोच राहिला.

प्रवेश झाला. मी तिची वळकटी वसतिगृहाच्या दारात ठेवली आणि त्याच बसने परत फिरलो. विद्यापीठ तेव्हाही मी पाहिले नाही, इमारत पाहिली.

जानेवारी २०१७ मध्ये तिचा आवाज बसला. सर्दी अंगावर काढून ती पहाटेचा रियाज करीत राहिली होती. डॉक्टरांनी सहा आठवडे गाणे आणि बोलणे दोन्ही बंद ठेवण्यास सांगितले. हे मला तिच्या मैत्रिणीने फोनवर कळवले, कारण ती स्वतः बोलू शकत नव्हती. मी रजा टाकली. खरे सांगायचे, तर काळजीच्या तळाशी मला एक प्रकारचे समाधान वाटत होते : आपला हिशेब बरोबर ठरला. अशा समाधानाची लाज नंतर फार वर्षे पुरते.

तिला घरी आणण्याच्या तयारीने मी गेलो आणि दोन दिवस राहिलो. पहिल्या पहाटे पाचच्या सुमारास, जेथे उतरलो होतो त्या खोलीत मला जाग आली ती एका षड्जाने. मग दुसरा, जरा चढा. मग कुठेतरी घुंगरांची मोजकी पावले, थांबणे, पुन्हा तीच पावले. कोणी कोणाला ऐकवीत नव्हते. थंडीत काकडत मी बाहेर आलो. चहाच्या टपरीवर दोन मुले दगडाच्या पांढऱ्या धुळीने माखून बसली होती, ती मूर्तिकलेची. चित्रकलेची एक मुलगी बसची वाट पाहणाऱ्या म्हातारीचे रेखाटन करीत होती, आणि म्हातारी अगदी न हलता बसली होती. तिला सवय असावी. नाट्यविभागातला एक तरुण चहा पिता पिता एकच वाक्य चार तऱ्हांनी म्हणून पाहत होता. टपरीवाला म्हणाला, “भैया, दूसरा वाला ठीक था.”

मोठ्या विद्यापीठात हे होत नसेल असे नाही, पण तेथे ते विखुरलेले असते. खैरागडात सगळे कानाच्या टप्प्यात. एका विद्यार्थ्याचा रियाज चुकला, तर गुरूंना भेटीआधीच कळते. दांडी मारण्यास जागा नाही, ही तेथील विद्यार्थ्यांची मुख्य तक्रार. मुख्याध्यापक म्हणून ती मला फार आवडली.

मुलगी वर्गातच सापडली. गाणे बंद, म्हणून गुरूंनी तिला तानपुरा दिला होता. दुसरी मुलगी गात होती आणि ही मागे बसून तारा छेडत होती. तास संपल्यावर गुरु मला एवढेच म्हणाले, “सहा आठवडे फक्त ऐकायला मिळणे, ही संधी आहे. घेऊन जायचे असेल, तर न्या.” मी काहीच बोललो नाही.

दुपारी तिने मला ग्रंथालयात नेले आणि वहीत लिहून दाखवले : ‘बाबा, हे मूळ मराठीत आहे, तुम्हाला माहीत होते?’ समोर ‘भातखंडे संगीत-शास्त्र’ होते, हिंदी अनुवाद. मला माहीत नव्हते. एम. ए. मराठीच्या अभ्यासात पं. विष्णु नारायण भातखंडे हे नाव कधी आले नव्हते. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग त्यांनी मराठीत लिहिले, तेही गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात, हे मला माझ्या मौन पाळणाऱ्या मुलीने हिंदी पुस्तकावरून सांगितले. त्यांचे शिष्य पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, मुंबईचे, १९५७ ते १९६० मध्ये याच विद्यापीठाचे कुलगुरू होते. ‘सुजान’ या नावाने त्यांनी रचलेल्या बंदिशी ती शिकत होती. म्हणजे आमच्या गुरुजींच्या फळ्यावरची ती उभी रेघ कोठून आली, हे मला पंचेचाळिशी ओलांडल्यावर कळले.

तिच्या खोलीत एक श्रीलंकेची मुलगी राहत असे. तिला हिंदी बेताचेच येई. मुलीने वहीत आणखी लिहिले : ‘हिला “ठेवण” समजावून सांगायची आहे. हिंदीत काय म्हणू?’ बनावट, ढंग, गठन असे शब्द मी सुचवले. तिने प्रत्येकावर काट मारली. शेवटी ती तानपुऱ्यापाशी जाऊन बसली, तारा छेडल्या, आणि हाताने हवेत एक वळण काढून दाखवले. श्रीलंकेची मुलगी हसली. तिला कळले होते.

मी एकटाच परतलो. नागपूरहून सौंसरला या खेपेस बस. रुळांवरून छोटी गाडी धावत नव्हती.

पुढच्या रविवारी नागपूरच्या एका जुन्या ग्रंथालयात मला मूळ मराठीचे दोन भाग मिळाले. घरी नेण्याची परवानगी नव्हती. तेव्हा दर रविवारी जाऊन, हवी ती पाने वहीत उतरवून आणू लागलो. रात्री नऊला फोन लावायचा आणि मी वाचायचे. गुरूचे वाक्य एका आवाजात, शिष्याचे दुसऱ्या. पलीकडे ती हिंदी प्रत उघडून बसे. तिचे बोलणे अजून बंद होते. म्हणून ठरवले होते, की अनुवाद जुळला तर तिने तानपुऱ्याची तार एकदा छेडायची, शंका असली तर दोनदा.

पहिल्या रात्री दोनदा वाजली. मी चष्मा पुसला आणि ते वाक्य पुन्हा, सावकाश वाचले.