चंपाषष्ठीचा कांदा

काशीतल्या ब्रह्माघाटावरच्या आमच्या घरी महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू उतरतात. कुणाला आई-वडिलांचं श्राद्ध करायचं असतं, कुणाला गंगापूजन. दोन-तीन दिवस राहतात आणि दोन्ही वेळा वरण-भात, पोळी-भाजी मागतात. पानाचा दर फोनवर आधीच ठरलेला असतो. मधल्या दिवसांत बाजार चढला तरी तो बदलता येत नाही. फरक घरातून भरावा लागतो.

२०२३ साली श्रावण अधिक आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत कांदा, लसूण, वांगं घरात आणायचं नाही, हा सासूबाईंचा नेम. यात्रेकरूंनाही तेच जेवण. त्यामुळे आमटीला, साराला, भाजीच्या रश्श्याला टोमॅटोचाच आधार होता, आणि नेमका तोच जुलैत शंभरीच्या वर गेला. देशभरात त्या महिन्यात भाज्या वर्षापूर्वीपेक्षा ३७ टक्क्यांनी महाग होत्या आणि किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर पोचला होता. रिझर्व्ह बँकेने रेपो दर फेब्रुवारीपासून साडेसहा टक्क्यांवर ठेवला होता. कर्ज महाग केलं की लोक गाडी-घर पुढे ढकलतात हे खरं, पण पावसाने झोडपलेला टोमॅटो त्याने पिकत नाही. महागाईच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन तेव्हा जवळपास ४६ टक्के होतं. माझ्या घरात ते त्याहून कितीतरी जास्त.

सरकारने मग टोमॅटोच विकायला काढला. एनसीसीएफ या सहकारी ग्राहक महासंघाने दक्षिणेतून आणि महाराष्ट्रातून माल उचलून दिल्ली, लखनौ, कानपूर, पाटणा आणि आमच्या वाराणसीत १६ जुलैपासून ८० रुपये किलोने दिला, चार दिवसांनी ७० रुपयांनी. आमच्या गल्लीत हातगाडीसुद्धा धड वळत नाही, तिथे मालाची गाडी कुठून येणार? गाडी कुठल्या चौकात उभी आहे हे विचारत पिशवी घेऊन चढण चढून रस्त्यावर जायचं. माणशी ठरलेलाच माल मिळे, म्हणून मी आणि जाऊ दोघी रांगेत उभ्या राहायचो. १० ऑगस्टला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी संसदेत सांगितलं की नेपाळहून टोमॅटो येतो आहे आणि पहिला माल वाराणसी, लखनौ, कानपूरला पोचेल. त्या मदतीचं मोल मी कमी लेखत नाही. त्या महिन्यात आलेल्या यात्रेकरूंची पानं मी आखडता हात न घेता वाढू शकले.

त्याच ऑगस्टमध्ये, १९ तारखेला, कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. मला ते निफाडच्या मामेभावाच्या फोनवरून कळलं. त्याच्या कांदाचाळीत उन्हाळ कांदा भरून ठेवलेला होता. उन्हाळ कांदा टिकतो, म्हणून शेतकरी तो एप्रिल-मेपासून साठवतो आणि श्रावण-भाद्रपदात भाव निघेल या आशेवर चार-पाच महिने सड, कोंब, वजनातली घट सोसतो. भाव निघायला लागला आणि शुल्क आलं. नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले. केंद्राने क्विंटलला २,४१० रुपयांनी आणखी दोन लाख टन खरेदीची घोषणा केली.

“ताई, तुझ्याकडे काय भाव चाललाय?” तो दर फोनला विचारतो. आमच्याकडे तेव्हा कांदा बंद होता, तरी भाजीवाल्याला विचारून मी सांगायचे. लासलगावचा लिलाव आणि काशीतला किरकोळ भाव यांच्यामध्ये किती हात आहेत, हे तो मला मोजून दाखवायचा.

कार्तिकीपर्यंत आमच्याकडे कांदा पन्नास-साठ रुपयांवर गेला. मग ८ डिसेंबरला निर्यात पूर्णच बंद झाली. तेव्हा नाशिकच्या बाजारात लाल कांदा येत होता. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत ठेवता येत नाही. काढला की विकावाच लागतो. शेतकऱ्याला थांबायला जागाच नव्हती. पंधरवड्यात तिथला भाव निम्म्याच्या आसपास आला.

१८ डिसेंबरला चंपाषष्ठी. खंडोबाच्या नैवेद्याला वांग्याचं भरीत आणि रोडगे, आणि इतक्या महिन्यांनी घरात कांदा. भाजीवाला म्हणाला, “नासिक का है चाची, सूखा माल.” भाव खाली आला होता. मी जास्तीचा घेतला, कारण यात्रेकरू होते आणि भरीत सगळ्यांनाच हवं असतं. संध्याकाळी मामेभावाचा फोन आला तेव्हा मी त्याला खरा भाव सांगितला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “तुमचं चांगलं झालं.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो मनापासून म्हणाला. मला मात्र अजून ते वाक्य सोसत नाही.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईंना माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, उज्ज्वला योजनेच्या सिलिंडरमागे ३०० रुपये खात्यात येतात, होळी-दिवाळीला उत्तर प्रदेश सरकारचा सिलिंडर मोफत. ही मदत सरकारी तिजोरीतून जाते, म्हणजे आपण सगळे मिळून ती देतो. टोमॅटो स्वस्तात विकण्याचा तोटाही तिजोरीनेच सोसला. चंपाषष्ठीला माझे जे पैसे वाचले, ते माझ्या भावाने दिले. ना त्याला कुणी विचारलं, ना मला. शहरातल्या बाईला दिलासा द्यायचा असेल तर तो कांद्यावरही तिजोरीतून द्यावा. शेतकऱ्याची बाहेरची वाट बंद करून भाव पाडू नये. मी स्वतः भाजी विकत घेणारी आहे, तरी हे म्हणते.

बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला संपलं. पुढच्याच आठवड्यात, ८ एप्रिलला, घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी महागला, उज्ज्वलावाल्यांचाही. मी पानाचा दर वाढवला. फोनवर कुणी कुरकुरलं तर गॅसचा आणि तेलाचा हिशेब सांगते. बहुतेकांना पटतो, कारण त्यांच्याही घरी तेच चाललेलं असतं.

शुल्क गेलं तरी भावाला त्या उन्हाळ्यात कांद्याचा खर्च निघण्यासारखा दर मिळाला नाही. आता त्याने एक एकर कांदा कमी करून मका घेतला आहे. पैसे थोडे, पण बेत पक्का, असं तो म्हणतो. आजूबाजूच्यांनीही तेच केलं तर पुढच्या एखाद्या वर्षी मला कांदा चढ्या भावाने घ्यावा लागेल, हे आम्हा दोघांनाही कळतं. तरी “कांदाच लाव” असं त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही.