गढूळ वारं

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं मागणं एकच असतं: ‘काच मोठी करून द्या.’ साताऱ्याच्या एमआयडीसीत माझा एक छोटा गाळा आहे. लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलींच्या पुढच्या काचा मी बसवतो, कापतो, वाकवतो, खालीवर करतो. काच म्हणायची, पण असतं ते पॉलिकार्बोनेट, नाहीतर अॅक्रिलिक. गिऱ्हाईक पुण्याचं असो, तासगावचं असो की कऱ्हाडचं, तक्रार साधारण सारखीच. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की डोकं भणाणतं, मान आखडते, घरी पोचल्यावरही कानात गूं सुरूच राहतं. वारं लागतंय, म्हणजे आडोसा कमी पडतोय, असा सगळ्यांचा सरळ हिशोब. हा हिशोब चुकीचा आहे हे पटवण्यात माझा निम्मा दिवस जातो. काच कापायला अर्धा तास पुरतो.

वारं दोन तऱ्हेचं असतं. कृष्णेचं पाणी उन्हाळ्यात निवळ असतं आणि पहिल्या पावसात गढूळ होतं, तसंच वाऱ्याचंही आहे. समोरून अडथळ्याशिवाय येणारं वारं निवळ. ते जोरात लागतं, छातीला रेटतं, पण मान हलवत नाही आणि त्याचा आवाजही एकसुरी असतो. माणूस त्याला तासाभरात सरावतो. तेच वारं काचेच्या वरच्या कडेवरून सुटलं की गढूळ होतं. काचेमागे हवेचा दाब कमी झालेला असतो, त्यामुळे कडेवरून निघालेला पट्टा आत ओढला जातो, गुंडाळतो, त्याचे भोवरे होतात आणि ते एकामागून एक सुटत राहतात. हे भोवरे नेमके हेल्मेटवर येऊन फुटत असतील, तर काच मोठी असून उपयोग काय? उलट ते तिथे आणून सोडलेत तिनेच.

याचं एक सोपं गणित आहे. वाऱ्याच्या वेगाला ०.२ ने गुणायचं आणि अडथळ्याच्या रुंदीने भागायचं, म्हणजे सेकंदाला किती भोवरे सुटतात त्याचा अंदाज येतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. काच ४० सेंटिमीटर रुंद धरली, तर उत्तर येतं अकराच्या आसपास. सेकंदाला अकरा थपडा! माणसाच्या कानाला साधारण वीसच्या खालचं ऐकूच येत नाही, म्हणजे या थपडा आवाज म्हणून कळत नाहीत. त्या कळतात मानेला आणि डोळ्यांना. लांबची पाटी धूसर दिसते, आणि गिऱ्हाईक सांगतं, ‘चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं.’

म्हणून मी पहिल्यांदा विचारतो, थडथड आहे की भणभण? थडथड म्हणजे डोकं हलणं. ती काचेची करणी. भणभण म्हणजे कानातला आवाज. ती बहुतेक वेळा हेल्मेटची. लोक एकाची तक्रार घेऊन येतात आणि वर्णन दुसऱ्याचं करतात.

थडथडीवरची माझी तपासणी फुकटची आहे. मोकळा, सरळ, सपाट रस्ता बघायचा, साठ-सत्तरच्या वेगात राहायचं आणि फूटरेस्टवर हळूहळू उभं राहायचं. एका उंचीवर हेल्मेट अचानक शांत होतं. वारं जास्त लागतं, पण गडबड थांबते. तिथे निवळ वारं सुरू झालं. मग खाली बसून मान वाकवायची, वाकवत जायचं. पुन्हा एका ठिकाणी शांतता मिळते, ती काचेच्या सावलीतली. या दोन शांततांच्या मधल्या पट्ट्यात आपलं डोकं रोज बसतं, हाच सगळा रोग. मग प्रश्न एवढाच की काच किती बोटं वर न्यायची की किती बोटं खाली आणायची. बरेचदा खाली आणणं सोपं पडतं. वर न्यायची म्हटलं की ती इतकी उंच करावी लागते की तिच्यातूनच रस्ता बघावा लागतो, आणि रात्री पावसात समोरच्या ट्रकच्या दिव्यांपुढे त्या काचेतून काय दिसतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार हिमालयन मोटारसायकल घेऊन आले होते. उंच गडी, कमरेच्या वर लांब. बाजारातली सगळ्यांत उंच काच त्यांनी मागवून बसवली होती. ‘दादा, पहिल्यापेक्षा जास्त त्रास होतोय. अजून चार इंच वाढवता येईल का?’ मी त्यांना उभं राहून चालवायला लावलं, पाठोपाठ माझ्या गाडीवरून बघत गेलो. उठल्या-उठल्या त्यांचं हेल्मेट हलायचं थांबलं. परत आल्यावर काच चार बोटं कापायची म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पैसे देऊन घेतलेली वस्तू कापायची!

कापणं हे घाईचं काम नव्हे. दोन्ही बाजूंना कागदी टेप लावायची, त्यावर पेन्सिलने रेघ मारायची आणि बारीक दात्यांचं पातं जिगसॉला लावून सावकाश जायचं. वेग वाढला की पॉलिकार्बोनेट वितळून पात्यामागे पुन्हा चिकटतं. अॅक्रिलिक तर ताडकन तडकतं, तेही कोपऱ्यातच. मग कड कानशीने गोल करायची, चारशे नंबरचा पॉलिश पेपर, मग आठशेचा. खरं काम या कडेवर असतं. धारदार, सरळ कड वारं एका रेषेत तोडते. कड किंचित पुढे लवलेली असली की पट्टा वर उचलला जातो. ती लव आणायला पत्रा वाकवायच्या सळईसारखी तापलेली पट्टी लागते आणि धीर लागतो. अॅक्रिलिक लवकर मऊ होतं. पॉलिकार्बोनेटला जास्त ताप लागतो, आणि आधी ओलावा सुकवला नाही तर आत बुडबुडे धरतात. एकदा बुडबुडा आला की ती काच गेली. आणि पेट्रोलने काच पुसू नका. पॉलिकार्बोनेटला पेट्रोल लागलं की बोल्टाच्या भोकाभोवती केसासारख्या भेगा धरतात. हे प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण ‘हो हो’ म्हणून जातो.

त्या बागायतदारांच्या काचेला कापण्याबरोबर दुसरंही एक काम केलं. खालच्या दोन बोल्टांमागे नायलॉनचे स्पेसर घालून काच हेडलाइटपासून बोटभर पुढे उचलली. खालून फट पडली. ते म्हणाले, ‘वारं अडवायला आलो, तर तुम्ही दारच उघडून ठेवलं.’ पण काचेमागचा तो कमी दाबाचा खड्डा भरायचा असेल तर थोडं वारं आत सोडावंच लागतं. खालून शिस्तीत आलेलं वारं काचेमागे वर चढतं, वरून येणाऱ्या पट्ट्याला आत वळू देत नाही. मोठ्या कंपन्यांच्या काचांना बुडाशी खाचा ठेवलेल्या दिसतात, त्या यासाठीच, शोभेसाठी नव्हे. काही गाड्यांवर तर रोग काचेत नसतोच. टाकी आणि फोर्क यांच्या मधल्या पोकळीतून वारं वर उसळतं आणि हनुवटीखाली घुसतं. तिथे टाकीवर बॅग ठेवून बघा. फरक पडला तर माझी गरज नाही, बॅगच ठेवा.

मोठ्या काचेचा हा हट्ट येतो कुठून, याबद्दल माझा एक तर्क आहे. साताऱ्याच्या कारखान्यात महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ बनायची. इथल्या कितीतरी घरांत पहिली गाडी तीच. तिच्यावर लोक भलीमोठी पारदर्शक काच बसवून घ्यायचे. वडील चालवतायत, आई मागे, आणि आपण पुढे हँडल धरून काचेमागे उभे. वाऱ्याची झुळूकही नाही. ते सुख ज्यांनी भोगलंय ती पोरं आज पंचेचाळीस-पन्नाशीत आहेत, मोठ्या इंजिनाच्या गाड्या घेतात आणि तीच काच मागतात. पण प्रिया चाळीसने जायची. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की चौपट. कठीण वस्तूवर आपटणाऱ्या भोवऱ्यांच्या आवाजाची शक्ती तर जवळजवळ सहाव्या घाताने वाढते. चाळीसवरून ऐंशीवर गेलात की चौसष्टपट. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला ऐंशीचीच मर्यादा आहे. ती पाळली तरी कानाचं पुष्कळ भलं होतं, पण हे मी बोललो की गिऱ्हाईक मोबाइल बघायला लागतं.

वारं कसं वळतं ते बघायला मोठ्या कंपन्या विंड टनेल वापरतात. बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये आर १०० आरएस ही गाडी आणली तेव्हा तिचं फेअरिंग इटलीत पिनिनफरिनाच्या विंड टनेलमध्ये घडवलं होतं. इटलीतल्याच मोटो गुझीने तर त्याच्याही कितीतरी आधी मांडेल्लोच्या कारखान्यात स्वतःचा विंड टनेल बांधला. आमच्याकडे चाळकेवाडीचं पठार आहे. सज्जनगडाच्या फाट्यावरून ठोसेघर, आणि तिथून वर. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, पवनचक्क्यांच्या रांगा, आणि कोकणातून चढून येणारं पश्चिमेचं वारं. पवनचक्क्या जिथे उभ्या केल्यात तिथे वाऱ्याची कमतरता नाही, हे कंपन्यांनी आधीच मोजून ठेवलेलं. पठारावर ताशी चाळीसचं वारं समोरून असलं, तर तुम्ही चाळीसने जा. हेल्मेटला ऐंशीचं वारं लागेल, आणि इंजिन मात्र निवांत. वाऱ्याचा आवाज कुठला आणि गाडीचा कुठला हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कळत नाही. काचेच्या कडेला आणि हेल्मेटच्या कपाळावर लोकरीचे चार-चार बोटांचे धागे चिकटवायचे. मागून येणाऱ्याने बघायचं. धागा मागे ताठ राहिला तर वारं निवळ. धागा गरगरायला लागला, उलटा फिरून पुढे आला, तर भोवरा तिथेच.

गाडी वाऱ्याला आडवी घातली की उंच काचेचं दुसरं रूप दिसतं. ती शीड होते. हँडलला बांधलेली असेल तर प्रत्येक झोत सरळ हँडलला धक्का देतो. पठारावर हे बघितलेला माणूस सहसा काच वाढवायचं नाव काढत नाही. भर पावसात किंवा धुक्यात मात्र हे प्रयोग करायला जाऊ नका. तिथे दहा फुटांवरचं दिसत नाही.

महामार्गावर काच तपासू नये, हेही सांगतो. साताऱ्याहून सांगलीला निघालात की उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाक्यापर्यंत पुढे सतत कुठला तरी कंटेनर असतो. त्याच्यामागे आठ-दहा गाड्यांच्या लांबीपर्यंत वारं इतकं घुसळलेलं असतं की जगातली कुठलीही काच तिथे नापास होईल. पेठ नाक्याला वळून आष्ट्याकडे लागलात की गळिताच्या हंगामात पुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर येतो आणि प्रश्नच मिटतो. त्या वेगात आपल्या चेनचा आवाज ऐकू येतो. चेन सैल झालीय हे कित्येकांना तिथेच पहिल्यांदा कळतं.

आता भणभण. इथे काचेचं काम संपतं आणि माझंही गिऱ्हाईक बहुधा जातं. हेल्मेटमध्ये आवाज वरून किंवा पुढून शिरतो असं वाटतं. तो शिरतो मुख्यतः खालून, हनुवटीच्या पट्टीजवळून आणि मानेच्या फटीतून. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजूनही दाखवलंय. आमच्याकडचे जुने लोक थंडीत हेल्मेटखाली मफलर घट्ट गुंडाळतात, त्यात थंडीइतकीच आवाजाचीही सोय होते. हनुवटीखाली लावायचा कापडी पडदा मिळतो, तोही लावावा. हेल्मेटच्या कपाळावरचा टोपीसारखा छज्जा काढावा, वर चिकटवलेला कॅमेरा काढावा. पट्ट्याचं मोकळं टोक फडफडत असेल तर खोचावं. एवढ्याने फरक पडतो, पण पुरत नाही. ताशी शंभरला चांगल्या हेल्मेटच्या आतही साधारण शंभर डेसिबल आवाज असतो. अमेरिकेच्या निओश या संस्थेची कामगारांसाठीची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. हिशोब करत गेलात तर शंभरला उरतात पंधरा मिनिटं. साताऱ्याहून तेवढ्या वेळात तुम्ही उंब्रजलाही पोचत नाही.

मिरजेचे एक तंबोरे बनवणारे कारागीर माझ्याकडे येतात. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या परंपरेतले. एकदा म्हणाले, ‘साताऱ्याहून गाडीवर घरी गेलो की त्या संध्याकाळी जवारी लावायला बसत नाही. सूर कानात उतरत नाही, बारीक झणकार निसटून जातो. सकाळी पुन्हा ठीक असतं.’ जवारी लावणं म्हणजे घोडी घासून तारेचा झणकार जुळवणं. त्यांना ते कळतं, कारण कान त्यांचं हत्यार आहे. बाकीच्यांचंही तेच होत असतं, फक्त आपण जवारी लावत नाही म्हणून पत्ता लागत नाही. आणि रोजच्या रोज हे होत राहिलं की एक दिवस सकाळीही ठीक होत नाही. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

त्यांच्या गाडीच्या काचेला मी हातही लावला नाही. फोमचे कानबोळे दिले. बोळा बोटांत दाबून सुतासारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. अर्धवट बाहेर दिसला तर तो बसलेला नाही. हॉर्न ऐकू येतो, रुग्णवाहिका ऐकू येते. वाऱ्याचा गलका खाली बसल्यामुळे उलट जास्त स्पष्ट. मोबाइलच्या इअरफोनशी याचा संबंध नाही. तो गलक्यावर आणखी गलका चढवतो.

बोळ्यांना काचेच्या मानाने काहीच पैसे पडत नाहीत. काच मोठी करायला माझ्याकडे यायच्या आधी ते घालून एकदा सांगलीला जाऊन या. बहुतेक तुम्हाला यावंच लागणार नाही.