बर्फ सुटेपर्यंत

आमच्या अकोल्यात मार्च लागला की माठ बाहेर निघतात आणि होळीनंतर दुपारचे रस्ते ओस पडतात. हिवाळा संपून वसंत येतो, हे शाळेच्या पुस्तकात वाचले होते तेवढेच. तो कसा संपतो हे डोळ्यांनी पाहण्याचा योग २०१४ साली आला, आणि तोही हौसेने नव्हे, बाळंतपणाच्या निमित्ताने.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ या गावी राहायला गेली. आई जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. पहिले बाळंतपण माहेरच्या माणसाने करायचे, आणि माहेर म्हणजे आता मीच. कार्यालयात शिल्लक होती तेवढी अर्जित रजा घेतली, उरलेली बिनपगारी मांडली. डिंक, अळीव, बाळंतशोपा, आईच्या जुन्या लुगड्यांची दुपटी अशी पेटी भरून फेब्रुवारीच्या शेवटी मी निघाले.

मिनियापोलिसच्या विमानतळावरून दाजींनी मोटारीने आणले. तेथून उत्तरेला सुमारे अडीचशे किलोमीटर. शेवटच्या टेकडीवरून गाडी उतरू लागली तेव्हा खाली पांढरे सपाट मैदान दिसले, ते थेट आभाळाला टेकलेले. मी विचारले, “एवढे मोठे पटांगण कशाचे हो?” दाजी हसून म्हणाले, “ताई, ते पटांगण नाही, पाणी आहे.”

ते सुपीरियर सरोवर होते. क्षेत्रफळ ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून थोडे जास्तच. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर खोल, आणि सगळे पाणी गोडे. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला ‘गिचीगामी’ म्हणतात, म्हणजे मोठा समुद्र. त्या वर्षी थंडी फार कडक होती. मार्चच्या सुरुवातीला सुपीरियरचा जवळजवळ ९५ टक्के पृष्ठभाग गोठला होता. पलीकडे विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यावर बर्फाने मढलेल्या गुहा आहेत. त्या पाहायला १५ जानेवारी ते १६ मार्च या काळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गोठलेल्या पाण्यावरून चालत गेली.

४ मार्चला बाळ झाले. मुलगी. बाळ-बाळंतीण सुखरूप. मी ठरवल्याप्रमाणे सगळे सुरू केले. डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाळाला तेल लावून अंघोळ. धुरी देण्यासाठी निखाऱ्यावर ओवा टाकला मात्र, छतावरचे धुराचे यंत्र असे किंचाळू लागले की शेजारीण धावत आली. त्यानंतर धुरी बंद. पण सव्वा महिना बाहेर पडायचे नाही, हा नियम मी सोडला नाही. खिडक्यांचे पडदेही ओढून ठेवले.

दुसऱ्या आठवड्यापासून बहीण रडू लागली. बाळाला घेतले तरी रडे, कोणी घेऊन गेले तरी रडे. रात्री बाळ झोपले तरी ही जागी. मी म्हणे, “अगं, सोन्यासारखी लेक आहे. रडू नको, दूध आटेल.” एकदा तर बोलून गेले, “आईने आपल्याला कसं वाढवलं, आठव जरा. तुला इथं काय कमी आहे?” ती काही बोलली नाही. त्यानंतर ती माझ्यासमोर रडायची थांबली. मला वाटले, सुधारली.

वाचक बंधू-भगिनींनो, मी वस्त्यांमध्ये बायकांचे बचत गट चालवते, आरोग्यावर चार शब्द बोलते. घरोघरी जाऊन “बाईचे दुखणे ऐकून घ्या” असे सांगणारी मीच. आणि माझ्या सख्ख्या बहिणीचे दुखणे मला दिसले नाही.

मी मात्र दूध-भाजीच्या निमित्ताने रोज बाहेर पडत असे आणि परतताना किनाऱ्यावर दहा मिनिटे उभी राहत असे. वाणिज्य शाखेची पदवी आणि कारकुनी यामुळे नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. एक वही केली. रकाने चार: तारीख, सकाळचे तापमान, पाणी कसे, नवीन काय. ९ मार्चला घड्याळे एक तास पुढे केली, ते लिहिले. दिवस रोज दोन-तीन मिनिटांनी वाढत होता, ते लिहिले. ‘पाणी कसे’ या रकान्यात पंधरा दिवस एकच शब्द होता: बंद.

वसंत एका दिवसात येत नाही, हे त्या वहीने शिकवले. आधी रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडला. मग पन्हाळीवरून लोंबणारे बर्फाचे सुळे दुपारी ठिबकू लागले आणि रात्री पुन्हा गोठू लागले. रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे चालू झाले की मेपलच्या झाडात रस चढतो. ओजिब्वे लोक पिढ्यान् पिढ्या त्याची साखर करत आले आहेत. साधारण चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक मिळतो. ऐकून मला आपल्या गुऱ्हाळाची आठवण झाली.

मार्चमध्ये तटरक्षक दलाच्या ‘आल्डर’ या जहाजाने बंदरातला बर्फ फोडायला सुरुवात केली. सू या ठिकाणचे जलपाश २५ मार्चला उघडतात आणि त्यानंतर या सरोवरातून खालच्या सरोवरांत जहाजे जाऊ शकतात. त्या वर्षी पाश उघडले, तरी बर्फ फोडणारी जहाजे पुढे घालून इतरांना वाट काढावी लागली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाळाला महिन्याच्या तपासणीसाठी नेले. तपासणी बाळाची, पण परिचारिकेने आईच्या हातात एक कागद दिला. त्यावर दहा प्रश्न होते. हसू येते का, झोप लागते का, विनाकारण स्वतःला दोष देता का, अशा स्वरूपाचे. ही प्रश्नपत्रिका १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि एडिंबरा शहराच्या नावाने ओळखली जाते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराबद्दल होता. तिथे बहिणीचे पेन्सिल धरलेले बोट बराच वेळ थांबले. मग तिने खूण केली. ती खूण ‘कधीच नाही’ या पर्यायावर नव्हती.

माझ्या पायांखालची जमीन सरकली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावले, “बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येते आणि बहुतेकींचे दोन आठवड्यांत ओसरते. त्याहून जास्त टिकले तर तो आजार समजायचा. तो आईचा दोष नाही, लाडही नाहीत, आणि तो बरा होतो.” बाळाला अंगावर पाजत असताना चालेल असे औषध दिले, दर आठवड्याला मोकळेपणी बोलण्यासाठी एक बाई नेमून दिल्या आणि सांगितले की रोज उजेडात थोडे चाला.

घरी येऊन मी आधी पडदे उघडले. मग तिच्याजवळ बसून म्हणाले, “माझं चुकलं. मी तुला बोलू दिलं नाही.” ती म्हणाली, “ताई, तू आईचं नाव घेतलंस ना, तेव्हा वाटलं, आई असती तर तिलाही मी आवडले नसते.” आम्ही दोघी खूप रडलो. या वेळी दूध आटण्याची भीती मी घातली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघी किनाऱ्यावर जाऊ लागलो. बाळ दुपट्यात आणि ते सगळे बहिणीच्या कोटात. एप्रिलच्या मध्यानंतर बर्फ कुजू लागला. वरून सपाट दिसे, पण आतून त्याच्या उभ्या काड्या झालेल्या असत. लाटेने त्या एकमेकींवर आपटल्या की काचेच्या बांगड्यांसारखा नाद येई. बहीण डोळे मिटून तो ऐकत बसे. हळूहळू तीच विचारू लागली, “आज वहीत काय लिहिणार?” एक दिवस तिने वही ओढून घेतली आणि स्वतः लिहिले: “पाणी निळे. विलोच्या फांद्यांना मऊ करडे गोंडे.”

तिथे बंदराच्या तोंडावर लोखंडी पूल आहे. १९०५ साली बांधला आणि १९३० च्या सुमारास सगळा मधला भाग वर उचलला जाईल असा बदलला. एके संध्याकाळी एक मालवाहू जहाज आले. या मार्गावरची मोठी जहाजे तीनशे मीटरहून लांब असतात. जहाजाने भोंगा दिला, पुलाने उत्तर दिले आणि बाळ इतके दचकले की दोन्ही हात पसरून आकाशाकडे बघू लागले. बहीण हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. दाजींनी माझ्याकडे पाहिले आणि चष्मा पुसायला घेतला.

पण इथेच सगळे ठीक झाले असे मी लिहिले तर ते खोटे ठरेल. दोन दिवसांनी ईशान्येचा वारा सुटला आणि दूर गेलेला बर्फ एका रात्रीत परत किनाऱ्याला येऊन ठेपला. बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून डोक्याएवढे ढीग झाले. त्याच दिवशी बहीणही अंथरुणातून उठली नाही. मी घाबरले. वहीची मागची पाने चाळली. ‘बंद’, ‘बंद’, मग ‘फट’, मग ‘निळे’, मग पुन्हा ‘बंद’. पण प्रत्येक ‘बंद’ आधीच्यापेक्षा लहान होत होता. मी तिला पाने दाखवली, उपदेश केला नाही.

मेच्या मध्यात रजा संपली. मी निघाले तेव्हा सरोवरात बर्फाचे पांढरे पट्टे होतेच. टेकडीवर ऊन होते, किनाऱ्यावर मात्र स्वेटर लागत होता. अकोल्यात उतरले तर लोक सावली शोधत होते. जून लागल्यावर बहिणीचा फोन आला, “ताई, बर्फ गेला. माझं औषध अजून चालू आहे, पण झोप लागते.” मी वहीत दोन्ही गोष्टी लिहिल्या.

आता भाची शाळेत जाते. २०२४ च्या हिवाळ्यात बहीण म्हणाली, “यंदा बर्फच नाही गं.” खरेच, ६ मार्च २०१४ ला पाचही महासरोवरांचा मिळून ९२.५ टक्के भाग गोठलेला होता, तर ११ फेब्रुवारी २०२४ ला फक्त २.७ टक्के. त्याची तिला काळजी वाटते आणि ती रास्तच आहे.

मी मात्र बाळंतिणीला भेटायला गेले की आता बाळाकडे आधी पाहत नाही. आईजवळ बसते आणि विचारते, “तुला झोप लागते का गं?” मग उत्तर येईपर्यंत गप्प राहते. उत्तर यायला कधी कधी फार वेळ लागतो. तेवढा वेळ द्यावा, एवढेच माझे सर्व आयाबहिणींना सांगणे.